सावडीची भिंत

कोंडाणे,
९ नोव्हेंबर २०२५

सुंदरा,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. 'बंधू आणि भगिनींनो' सोडून मला दुसरा मायना येत नाही असं तू म्हणायचीस. म्हणून नुसतं नाव लिहितो.

परवा हर्षलाने फोनवर तुझा निरोप दिला. "बाबा, आई म्हणते फोनवर काय बोलू नका. फोनवर तुम्ही सभा घेता. लिहून पाठवा, लिहिताना माणसाला थांबावं लागतं. आणि मागल्या दोन हिवाळ्यांसारखा तिसरा काढायला मी त्या घरात यायची नाय." आपली मुलगी तुझा निरोप सांगताना तुझ्याच आवाजात बोलते, 'नाय'सकट. मी विचारलं, "पण घराला झालंय काय?" ती म्हणाली, "तेच बघा," आणि फोन ठेवला.

जानेवारीत तुला कर्जतच्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात गारठा फार आहे का? मी म्हणालो होतो, "छे, आमचं घर उबदार आहे." तू खाटेवरून माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मला आत्ता, दहा महिन्यांनी, नीट आठवतंय.

तर मी बघायला लागलो. कारखान्यात एखाद्याचा हात यंत्रात गेला की साहेब म्हणायचे, कामगाराची चूक. आणि मी गेटवर उभा राहून ओरडायचो, आधी यंत्र उघडून बघा! तसं आता घर उघडून बघतो आहे.

रीत अशी काढली. पहाटे डोंगरावरून वारा उतरतो तेव्हा एक उदबत्ती पेटवायची आणि भिंतीला लागून हळूहळू चालायचं. धूर सरळ वर गेला तर भिंत शाबूत. धूर आडवा झाला तर तिथे भोक. भोक सापडलं की खडूने गोल. पुढच्या आणि बाजूच्या विटांच्या भिंतींवर सगळे मिळून चार गोल झाले. तुझ्या खाटेमागच्या, डोंगराकडच्या भिंतीवर अडतीस. एका जागी तर उदबत्ती विझलीच.

मला मजा आली, हे कबूल करतो. अडुसष्टाव्या वर्षी माणूस स्वतःच्या घरात उदबत्ती घेऊन चोर शोधतो आहे. वाश्यांना भुंग्यांनी पाडलेली भोकं किती गोल असतात! जणू गिरमिटाने पाडलेली. हे मी कधीच पाहिलं नव्हतं.

ही मागची भिंत कुडाची राहू दे असा हट्ट तूच धरला होतास. बाकीच्या तीन मी विटांच्या केल्या. कारवीच्या काठ्या आणि वर मातीशेणाचा लेप, याला मी तेव्हा मागासलेपणा म्हटलं होतं. त्यामुळे अडतीस गोल पाहून मला आधी आनंद झाला, की माझंच बरोबर होतं. मग एक प्रश्न पडला आणि तो काही केल्या जात नाही. या भिंतीला बत्तीस वर्षं झाली. त्यातली तीस वर्षं या घरात कोणालाच थंडी वाजली नाही. गारठा घरात आला तो मागच्या दोन हिवाळ्यांत. मग तीस वर्षं ही भोकं कुठे होती?

तू दर वर्षी काही करायचीस का? काय करायचीस?

हे पत्र दशरथच्या टेंपोतून पाठवतो. तो रोज भाजी घेऊन पळसदरीवरून खालापूरकडे जातो, कुंभिवलीला हर्षलाच्या दारात देईल. तो म्हणाला, "काका, मी टेंपोवाला हाय, पोस्टमन नाय." मग स्वतःच हसला आणि पत्र मिरच्यांच्या गोणीवर ठेवलं. तिखट लागलं तर माझा दोष नाही.

पोपट


१४ नोव्हेंबर

सुंदरा,

तुझं उत्तर मिळालं. अक्षर अजून आपल्या रात्रशाळेतलंच, मोठं आणि रेघेला धरून. दोनच ओळी: "दर वर्षी काय करायची ते पहिल्यांदा विचारलंत. आता तुमीच शोधा."

शोधतो. पण थंडी थांबत नाही, म्हणून मधल्या काळात उपाय केले. ते सांगतो. हसायचं तर हस.

कर्जतच्या गवंड्याला आणून भिंत दाखवली. त्याने भिंतीला हात लावून माझ्याकडे दयेने पाहिलं आणि नवी विटांची भिंत घालायचा जो आकडा सांगितला त्यात माझी सात-आठ वर्षांची पेन्शन जाते. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मग फ्लेक्स. माळ्यावर आपल्या सभांचे जुने फ्लेक्स गुंडाळून ठेवलेत, ते मागच्या भिंतीला आतून ठोकले. वारा आला की सगळे फ्लेक्स फुगतात. आता रोज पहाटे माझाच चेहरा, हात वर केलेला, पोट पुढे काढून खाटेकडे झुकतो. दशरथ पाणी प्यायला आत आला आणि दारातच थांबला. "काका, तुमी तर भिंतीतून पन भाषण करताय. काकी येतील कशा?" वर म्हणाला, फ्लेक्सनं वारा अडत नाही, नुसता आवाज होतो. त्याचं म्हणणं माझ्याबद्दल होतं की फ्लेक्सबद्दल ते मी विचारलं नाही.

मग अर्धी गोण सिमेंट आणून मीच भोकांवर थापलं. संध्याकाळी भिंत कशी झकास दिसत होती! सकाळी सिमेंटच्या चकत्या खाली पडलेल्या, भाकरीसारख्या, अख्ख्या. भिंतीने एकही ठेवली नव्हती. मी एक उचलून मागून पाहिली. कुडाची माती तिला नावालाही चिकटलेली नव्हती. कुड थोडा हलतो, दुपारी एका जागी, पहाटे दुसऱ्या. सिमेंट हलत नाही. एवढं मला कळलं. पुस्तकात हे कुठे वाचलं नव्हतं, आणि घरात पुस्तकं आठशे आहेत.

शेजारच्या ललितावहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या. मी विचारलं, "वहिनी, सुंदरा या भिंतीचं काय करायची हो?"

त्या म्हणाल्या, "दिवाळी झाली की लिपायची ना. वाडीवरच्या बाया यायच्या. भागी आन दोघीतिघी."

"मग आता का येत नाहीत?"

ललितावहिनींनी भांडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ते तुमाला ठाव नसंल तर कुनाला ठाव?" आणि आत गेल्या.

भागी का यायची थांबली, मला खरंच समजत नाही. तुला माहीत असेल तर लिही.

पोपट


१९ नोव्हेंबर

सुंदरा,

आज भिंतीत पैसे सापडले.

सिमेंट लागत नाही म्हणून सुटलेला जुना लेप खरवडत होतो. खाटेच्या उशामागे, परसाच्या बाजूने, कमरेच्या उंचीवर, लेपाचा एक तुकडा हातात आला आणि आत मातीत दाबलेल्या दोनशेच्या तीन नोटा. घडी न घालता, एकीवर एक. एकीचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे. मला आधी वाटलं तू अडीनडीला लपवलेस. पण अडीनडीचे पैसे कोणी ओल्या मातीत लिंपतं का? मग आठवलं, या नोटा माझ्याच खिशातल्या.

मागच्या पत्रात मी लिहिलं की भागी का थांबली ते समजत नाही. ते बरोबर नाही. समजत होतं. पण ते मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची ती सकाळ. पुण्याहून शिबिराची बारा मुलं-मुली आपल्याकडे उतरली होती, कामगारांच्या हक्कांवर माझं ऐकायला. मी त्यांना घेऊन परसात आलो तर भागी आणि दोघीजणी कोपरापर्यंत चिखलात हात घालून भिंत लिंपत होत्या. चष्मा लावलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, यांना रोज किती देता?" भागीच म्हणाली, "रोज नाय काय. आमी असंच करतो." बारा जणांनी माझ्याकडे पाहिलं. ठाकरवाडीची बाई, माझ्या घरात, बिनमजुरीची. मी खिशातून नोटा काढल्या, भागीच्या हातात दिल्या आणि वेठबिगारीवर बोललो. पाऊण तास बोललो असेन. चांगलं बोललो होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागे वळलो तेव्हा तिघी गेलेल्या होत्या, आणि तू दारात होतीस.

नंतर तू मला सांगितलंस, ती सावड होती. भाताच्या आवणीला तू चार दिवस तिच्या शेतावर वाकायचीस, दिवाळीनंतर ती चार दिवस आपल्या भिंतीला. तीस वर्षं. त्यात ना धनी, ना मजूर. आणि मी म्हणालो, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तू म्हणालीस, काल संध्याकाळी सांगितलं ना, उद्या भागी येणार सावडीला म्हणून. मी म्हणालो, मी वाचत होतो, कानावर पडलं नाही.

आणि वर मी म्हणालो, पैसे तर तिने घेतलेच की.

दोन वर्षं मी याच एका वाक्यावर उभा होतो, सुंदरा. पैसे तिने घेतले. आणि पैसे इथे आहेत. मी मुलांकडे तोंड करून बोलत होतो तेव्हा माझ्या पाठीमागे तिने ते भिंतीत घातले, वरून हात फिरवला आणि मग हात धुतले. मला वाटतं घाईही केली नसेल. लेप अगदी सपाट आहे.

एक सांगतो. बिनमजुरीचं काम ही चोरी आहे असं मी आजही म्हणेन, कुठल्याही गेटवर उभा राहून. माझं वाक्य खोटं नव्हतं. ते चुकीच्या भिंतीसमोर म्हटलं गेलं.

नोटा धुऊन वाळवल्या आहेत. उद्या वाडीवर जातो.

पोपट


२७ नोव्हेंबर

सुंदरा,

आठ दिवस लिहिलं नाही कारण हात वर होत नव्हता. कारण वाचलंस की तुला बरं वाटेल.

वाडीवर गेलो तेव्हा भागी खळ्यावर भाताचे भारे मोजत होती. तिचा नवरा गोमा बाजूला विडी ओढत बसला होता. मी चढ चढून आलो होतो, दम लागला होता, तरी दोन वाक्यं तयार होती. पहिलं अर्धं झालं तोच भागी म्हणाली, "तूं बोलाय आलास का कामाला आलास?"

तिच्या तोंडचं 'तूं' मला नेहमी आवडतं. साहेबांना 'तूं', देवाला 'तूं', मलाही 'तूं'.

मी नोटा पुढे केल्या. तिने पाहिल्या. "आजून हायत व्हय?" म्हणाली, आणि गोमाला म्हणाली, "बघ रं, वाळवीनं पन सोडल्या." गोमा हसता हसता खोकायला लागला. तिने नोटा घेतल्या नाहीत. मी विचारलं, भिंतीची मजुरी काय ती सांग, मी आधी देतो. ती भारे मोजतच राहिली. मग म्हणाली, "पैशाची कामं करनारे कर्जतला लई हायत. तिकडं जा."

"त्यांना कुड येत नाही."

"मंग सावडीनं कर. माजी झोडणी ऱ्हायलीय."

"करतो."

त्यावर भारे मोजायचे थांबले. तिने मला वरून खाली पाहिलं, म्हैस विकत घेताना बघतात तसं. "सुंदराबायचे चार दिस व्हायचे. तुझे दोन दिस म्हंजे तिचा एक. आठ दिस."

मी म्हणालो, "भागी, समान कामाला समान—"

"समान काम कुठं हाय?" ती म्हणाली. "आधी कर."

तर आठ दिवस झोडणी केली. पहिल्या दिवशी भारा फळीवर आपटला तो माझ्याच गुडघ्यावर बसला. बायांनी तोंडाला पदर लावले. जैतू नावाची एक म्हातारी आहे, ती प्रत्येक भाऱ्याला म्हणायची, "भाषन दे रं त्याला, दाने आपसूक पडतील." तिसऱ्या दिवशी मला कळलं की जोर खांद्यातून नाही, कमरेतून लागतो, आणि भारा वर नेताना हात सैल सोडायचा असतो. हे शिकवावं लागत नाही, बघावं लागतं. मग मी तुझा विचार करत राहिलो. तू आवणीहून यायचीस आणि मी तुला विचारायचो, चहा झाला का?

दुपारी त्या नाचणीची भाकर आणि मिरचीचा ठेचा देत. मी पहिल्या दिवशी डबा नेला होता. भागी म्हणाली, "डबा आनायचा तर मजूर म्हनून ये." दुसऱ्या दिवसापासून नेला नाही.

पाचव्या दिवशी जेवताना ती आपणहून म्हणाली, "त्या दिसाचं सुंदराबाय माज्या चुलीपाशी येऊन बोलली. म्हनाली, भागी, त्यांना ठाव नव्हतं गं. मी सांगितलं पन त्यांनी आयकलं नाय, पुस्तकात व्हते. माजी आन घेऊन सांगते. तिनं आन घेतली म्हनून तुला खळ्यावर घेतला. नायतर घेतला नसता."

तू तिच्याकडे गेली होतीस, हे मला माहीत नव्हतं. शपथ घेतलीस हेही.

मी भाकर खाल्ली. आज एवढंच लिहितो, हात खरंच दुखतो आहे.

पोपट


५ डिसेंबर

सुंदरा,

भिंतीचं काम चालू आहे. तुला रोजचं सांगावंसं वाटतं, कारण मला हे काम बघायला मिळालं नसतं तर मी तसाच मेलो असतो.

आधी माती. मला वाटायचं माती म्हणजे माती. भागी मला तीन ठिकाणी घेऊन गेली. ओढ्याकाठची लाल, शेताच्या बांधाची काळसर, आणि वारुळाची. वारुळाची थोडीच घ्यायची, वारूळ पाडायचं नाही, कडेने घ्यायची. मी विचारलं, वारुळाचीच का? ती म्हणाली, "वाळवीनं चावून दिलीय. आपल्याला कुनी चावून देईल का?" म्हणजे ती बारीक असते आणि चिकट. त्यात शेण, त्यात भाताचं तूस, आणि दोन दिवस भिजत ठेवायचं. मग पायाने तुडवायचं. तुडवणं माझ्याकडे. दीड तास एकाच खड्ड्यात चालतो आहे, कुठेही पोचत नाही. माझ्या राजकीय जीवनाचं वर्णन याहून चांगलं कोणी केलेलं नाही.

पायाला कळतं, हे मला नवं. सुरुवातीला माती पायातून निसटते. मग एक वेळ येते की ती पाय धरते आणि सोडताना चुक असा आवाज करते. भागी लांबून आवाज ऐकून म्हणते, "झाली." बघायलाही येत नाही.

कुजलेल्या काठ्या बदलायला नवी कारवी वाडीवर ठेवलेलीच होती. मागच्या साली तोडलेली, वाळलेली. मी म्हटलं, "ही कोणासाठी ठेवली होतीस?" ती म्हणाली, "ठेवलेली व्हती," आणि दुसरीकडे बघायला लागली. मी पुढे विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं.

लेप दोन हातांचा असतो. पहिला जाड, बोटं उमटलेला, मुद्दाम खडबडीत, म्हणजे दुसऱ्याला धरायला जागा राहते. दुसरा पातळ. मागची भिंत आठ खणांची आहे, दर दोन लाकडी मेढींमध्ये एक खण. सहा खण झाले. पहाटे उदबत्ती घेऊन गेलो. सहाही खणांत धूर सरळ वर गेला. मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

आता दोन उरलेत. तुझ्या खाटेमागचे.

बाकी ठीक.

पोपट


१३ डिसेंबर

सुंदरा,

हे पत्र मी परवाच लिहायला हवं होतं. तीन वेळा लिहून फाडलं. तिन्ही वेळा भाषण झालं होतं.

परवा सातवा खण संपला. तुझ्या उशाच्या बाजूचा एकच राहिला. भागीने पहिला हात मारायला चिखलाचा गोळा उचलला आणि म्हणाली, "झालं रं दादा. आता सुंदराबाय येईल." तिने ते इतकं सहज म्हटलं की मला राहवेना. मी म्हणालो, "भागी, थांब."

सुंदरा, त्या संध्याकाळी मी ऐकलं होतं.

तू चुलीपाशी तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "उद्या भागी येतेय हं, सावडीला. भिंतीच्या. पोरांना परसात आनू नका सकाळचं." हे सगळं मी शब्दन् शब्द ऐकलं होतं. पुस्तक हातात होतं, पण पान उलटलं नव्हतं. मी 'हूं' म्हणालो होतो. सावड म्हणजे काय तेही मला माहीत होतं, माझी आजी सावडीने जायची. सकाळी मुलं ओसरीवर कंटाळली होती आणि मला वाटलं परसातून डोंगर छान दिसतो, तिथे बोलावं. तू काय म्हणाली होतीस ते लक्षात होतं आणि तरी नेलं. आणि त्या मुलीने रोज किती देता विचारलं तेव्हा मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की या शेजारणी आहेत, माझी बायको यांच्या शेतात राबते. एक वाक्य. ते मला येत होतं. पण त्या वाक्याला टाळी नव्हती. दुसऱ्याला होती.

मी नोटा काढल्या तेव्हा तू दारातून हात हलवून नको नको करत होतीस, तेही मी पाहिलं होतं.

मग तू विचारलंस आणि मी म्हणालो, ऐकलं नाही. तू लगेच विश्वास ठेवलास. मला वाटलं, वाद संपला. तू माझं हे खोटं घेऊन वाडीवर चढून गेलीस आणि तिच्या चुलीपाशी शपथ घेतलीस, हे मला गेल्या महिन्यात कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तीन दिवसांची झोडणी उरली होती आणि सगळी भिंत. मला भिंत हवी होती. तू यायला हवी होतीस.

हे सगळं मी भागीला सांगितलं. तुला सांगतो आहे त्याहून कमी शब्दांत.

तिने गोळा परत टोपल्यात ठेवला. बोटांवरचा चिखल टोपल्याच्या कडेला पुसला. मग म्हणाली, "नोटा दिल्यास तवा राग आला. आता राग नाय." थोड्या वेळाने, "तवा तूं मला खाली पाडलीस. आता सुंदराबायला पाडलीस. तिनं आन घेतली व्हती."

मी म्हणालो, "हो."

"हो काय? तोंड हाय ना मोठं? तिला सांगितलास?"

"नाही."

ती उठली आणि पिंपातल्या पाण्यात हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश. "ह्यो खन मी नाय लिपनार. सुंदराबाय आली की तिला इचारीन. ती म्हनली लिप, तर लिपीन. ती म्हनली नको, तर मंग तुजं तूं बघ." जाताना दाराशी थांबून म्हणाली, "तुझे आठ दिस मात्र झाले. ते झाले." मला वाटतं हे सांगणं तिला गरजेचं वाटलं. तिने माझे दिवस बुडवले असं मी म्हणेन, असं तिला वाटलं असावं. किंवा मी रडेन असं.

तर सात खण बंद आहेत आणि एक उघडा. वारा आधी अडतीस जागांनी यायचा, तो आता सगळा एकाच जागेतून येतो. खाट मी तिथून हलवली आहे.

आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो आणि पहिली ओळ व्हायच्या आत दशरथचा हॉर्न वाजला. तो टेंपोतून उतरला, तुझी चिठ्ठी दिली आणि हसत उभा राहिला. त्याने ती वाचली असणार. "सोमवारी दशरथच्या टेंपोतून येते. भागीने हर्षलाच्या फोनवर सांगितलं, सात खण झाले, एक तुज्यासाठी ठेवलाय, ये. तुमी आठ दिस झोडनी केली ते पन सांगितलं. मला हसू आलं. मग वाईट वाटलं, मी तुमाला उगाच एवडं बोलली. तुमाला ठाव नव्हतं, हे मीच विसरत होते."

म्हणजे भागीने तुला काहीच सांगितलेलं नाही. ते माझ्यासाठी ठेवलं आहे.

चिठ्ठी मी चार वेळा वाचली, सुंदरा. शेवटचं वाक्य जास्त वेळा. सोमवारी तू येशील, भागी तुला विचारेल, तू विचारशील काय झालं, आणि कदाचित भागी काहीच न बोलता खण लिंपूनही टाकेल. हे पत्र मी फाडलं तर थंडी निघून जाईल. मी हे सगळं मनात करून पाहिलं, अगदी खणावर शेवटचा हात फिरेपर्यंत. सोपं होतं.

दशरथ दारात उभा आहे. त्याला खालापूरच्या बाजाराची घाई आहे. म्हणतो आहे, "काका, काकी परवा येनारच हायत, आता कशाला लिहिताय? आल्यावर बोला की." मी त्याला सांगितलं, हे बोलायचं नाही, हे तिने तिकडेच वाचायचं आहे, हर्षलाच्या घरात, जिथून न येणं तिला सोपं पडेल.

उरलेली माती आज नव्याने भिजत घालतो, सोमवारपर्यंत तयार होईल. तुला यायचं नसेल तर येऊ नको. मी त्या खणाला काय करायचं ते बघेन. यायचं असेल तर मी फाट्यावर उभा राहणार नाही, आणि तू आधी घरी येऊ नको. टेंपो वाडीच्या वाटेला थांबवायला मी दशरथला सांगितलं आहे. आधी भागीकडे जा. शपथ तू तिच्या चुलीपाशी घेतली होतीस, ती मोडायची असेल तर तिथेच मोड. मी काय केलं ते तिला तूही तुझ्या तोंडाने सांग, आणि मग तुम्ही दोघी ठरवा.

पोपट